दोन पट्ट्यांमधला सूर

लेम सोनच्या सभामंडपाच्या दाराशी वेताची एक मोठी टोपली ठेवलेली असते. सभेला येणाऱ्याने फोन, कानातला दुभाष्या, अंगावर असेल ते यंत्र त्या टोपलीत टाकायचं आणि मोकळ्या गळ्याने आत जायचं, असा गावाचा नियम आहे. नियम काही पूर्वजांनी घालून दिलेला नाही. दोन वर्षांपूर्वी कोळंबीच्या एका कंपनीचा माणूस गावात आला होता. होता परदेशी, पण बोलायचा असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, आपलाच भाचा सुट्टीला आलाय. त्याच्या शब्दावर गावाने अर्धी खाडी कंपनीला देऊन टाकली. ते बोलणं कुठल्याशा यंत्राचं होतं, हे मागाहून कळलं. ती परत मिळवताना गावाच्या नाकी नऊ आले. खाडी परत आली आणि दाराशी टोपली आली.

मैथिली केळुसकरला हे सगळं ठाऊक होतं. त्यामुळे गावप्रमुख लुंग विचाय जेव्हा म्हणाले, "पावसाळा संपल्यावर सभा आहे, तेव्हा तुझं नाव घेऊ," तेव्हा तिचा हात गळ्यातल्या कंठीकडे गेला.

"आत यायचं, शपथ घ्यायची, कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं. झालीस तू बँकेची सभासद," ते म्हणाले.

"आणि कंठी?"

"टोपलीत. तुला कसली काळजी? माझ्या सुनेपेक्षा चांगलं थाय बोलतेस तू."

थायलंडच्या आखातावरच्या या गावात मैथिली आठ महिन्यांपूर्वी आली, ती कुर्ल्यांची, म्हणजे समुद्री खेकड्यांची, बँक शिकायला. समुद्र तापत चालला तसे दोन्हीकडचे किनारे कुर्ल्यांना पारखे होत गेले. मालवणजवळच्या तिच्या गावातही जाळ्यात कुर्ली आली की लोक फोटो काढू लागले होते. लेम सोनने मात्र आपल्या कुर्ल्या परत आणल्या होत्या. पोटाखाली अंडी धरलेली मादी जाळ्यात आली की ती विकायची नाही, बँकेत आणायची. तिथे पाण्याच्या बादलीत तिला ठेवायचं, हवेची नळी सोडायची, केशरी अंडी काळपट होऊन फुटेपर्यंत वाट पाहायची आणि पिल्लं खाडीतल्या समुद्री गवतात नेऊन सोडायची. ऐकायला सोपं आहे. पण पाणी किती खारं, किती कोमट, कोणत्या भरतीला पिल्लं सोडायची, हे सगळं गावाने वीस वर्षांत चुकत चुकत बसवलेलं होतं आणि खाडीच्या प्रकरणानंतर ते सभासदाशिवाय कुणालाही गावाबाहेर नेऊ द्यायचं नाही, असं ठरलं होतं. मैथिली सभासद झाली, तर बँक मालवणला जाणार होती. नाही झाली, तर आठ महिने बादल्या धुतल्याचं पुण्य तेवढं पदरात.

लुंग विचाय गेल्यावर तिने एक प्रयोग केला. बँकेच्या मागे जाऊन कंठी काढून खिशात टाकली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन थंड चहा मागितला. दुकानदारीण रोज तिच्याशी पाऊणपाऊण तास गप्पा मारणारी. ती म्हणाली, "काय?" मैथिलीने पुन्हा मागितला. दुकानदारीण काळजीने तिच्याकडे पाहू लागली. शेवटी मैथिलीने बोटाने पेला दाखवला.

चहा पिता पिता तिने पुण्याला फोन लावला.

थायमध्ये सूर हा शब्दाचाच भाग असतो. मराठीत ‘ये’ वर चढवून म्हणा की खाली उतरवून म्हणा, शब्द तोच राहतो. बदलतो तो बोलणाऱ्याचा राग, लोभ, संशय. थायमध्ये एकाच अक्षराला पाच चाली असतात: सपाट, खालची, वरून घसरणारी, वरची आणि खालून चढणारी. चाल बदलली की शब्दच बदलला. ‘जवळ’ आणि ‘लांब’ यांच्यात फरक जवळजवळ तेवढाच. मराठी माणसाचा कान लहानपणापासून सुरात भावना शोधायला शिकलेला असतो, शब्द शोधायला नाही. त्यामुळे मोठेपणी त्याला हे बारीक फरक नीट ऐकूच येत नाहीत आणि जे ऐकू येत नाही ते गळ्यातून निघत नाही.

या अडचणीवर पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने कंठी काढली होती. जुई दातार तिथे काम करत होती आणि ती मैथिलीची होस्टेलमधली मैत्रीण. गळ्याभोवती बसणारी बोटभर रुंदीची मऊ पट्टी. आवाज वर-खाली होतो तो स्वरयंत्रातल्या एका छोट्या स्नायूने स्वरतंतू ताणल्यामुळे. माणूस बोलण्याआधी जीभ आणि गळा सूक्ष्म तयारी करतात. त्या तयारीतून कोणता शब्द येऊ घातलाय हे कंठी ओळखते आणि त्या स्नायूला मुंगी चावल्याइतका विजेचा प्रवाह देऊन हवी ती चाल लावून घेते. शब्द पाठ करायचे बोलणाऱ्याने, वाक्य जुळवायचं त्यानेच. सूर तेवढा कंठीचा.

"आठ महिन्यांत कंठीशिवाय किती बोललीस?" जुईने विचारलं.

"अंघोळ करताना काढते."

"अंघोळ करताना कुणाशी बोलतेस?"

"कुणाशीच नाही."

"मग झालं तर. अगं, आपण बोलतो तेव्हा मेंदू आधी अंदाज बांधतो, आता असा आवाज ऐकू येईल म्हणून. मग कानावर आलेला आवाज त्याच्याशी ताडून बघतो. फरक दिसला तर पुढच्या वेळी सुधारतो. तुझ्या बाबतीत फरक कानावर यायच्या आधीच कंठी पुसून टाकते. मेंदू म्हणतो, छान चाललंय आपलं, कशाला हात लावायचा?"

"कुणी सतत हात धरून गिरवून घेतल्यासारखं."

"अक्षर सुरेख, हात तसाच."

"सभेला सहा आठवडे आहेत. कंठी फेकून देऊन सराव केला तर?"

"तुझी चूक तुला ऐकूच येत नाही, तर सुधारणार काय?" जुई थांबली. मैथिली तिला होस्टेलपासून ओळखत होती. जुई अशी थांबली की पुढे काहीतरी आगाऊ येणार. "एक करता येईल. लकव्याच्या रुग्णांवर हे करून पाहिलंय. हात डावीकडे झुकत असेल, तर यंत्र त्याला आणखी डावीकडे ढकलतं. चूक एवढी मोठी होते की मेंदूला तिकडे काणाडोळा करता येत नाही. कंठीतही तेच करू. अधिकच्या जागी उणे चिन्ह. तू थोडीशी चुकलीस तर ती तुला भरपूर चुकवेल. बरोबर आलीस तर गप्प बसेल."

"लोक हसतील गं."

"हसू देत. तुझ्या कानाला जे कळत नाही ते त्यांच्या हसण्यावरून कळेल."

मैथिलीने पेल्यातला बर्फ हलवला. "पाठव," ती म्हणाली.

बँकेचा कारभार पा चाम्पांकडे होता. साठीच्या, ठेंगण्या, हातात कायम ओलं फडकं. पा म्हणजे मोठी मावशी. त्या मैथिलीला ‘लूक’ म्हणायच्या, म्हणजे लेकरू. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला जेवायला बसवून घेतलं होतं आणि तेव्हापासून ती त्यांच्याच ओसरीवर जेवत होती.

कंठी उलटी करून घेतल्यावरच्या पहिल्या सकाळी मैथिली बँकेत शिरली आणि नेहमीसारखी म्हणाली, "अंड्यांच्या दोन कुर्ल्या आल्यात." निदान तिला तसं वाटलं. कुर्ली आणि आजोबा, अंडं आणि ताप या थाय शब्दांत फरक सुराचाच. तिची चाल जराशी घसरली, कंठीने ती धरून सरळ दरीत नेली आणि बँकेभर ऐकू गेलं की दोन आजोबांना ताप आलाय. जाळी विणत बसलेले दोघे म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. त्यातल्या एकाने स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग जे हसणं सुटलं ते दुपारपर्यंत कुणाला आवरेना.

मैथिलीही हसली. पण पा चाम्पा हसल्या नाहीत. फडकं पिळून त्यांनी दांडीवर टाकलं आणि जवळ येऊन तिच्या गळ्याकडे बोट केलं.

"हे बिघडलंय?"

"नाही, पा. मी उलटं लावून घेतलंय. शिकायला." हे सांगतानाही तिचे चार शब्द वाकडे गेले. तिने पुन्हा सांगितलं, हातवारे करून सांगितलं, कंठी काय करत होती आणि आता काय करते तेही.

पा शांतपणे ऐकत राहिल्या. "मला वाटलं होतं, ते ऐकायला मदत करतं. म्हणजे आठ महिने तू बोलतच नव्हतीस."

"बोलत होते. शब्द माझेच होते."

"तू मला एकदा म्हणालीस, पा, तुमच्या हातचं जेवले की घरी असल्यासारखं वाटतं. ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते कशाने आलं? शब्दांनी की या पट्टीने?"

मैथिलीने कंठी काढून हातात घेतली.

"तो कंपनीचा माणूसही असंच बोलायचा," पा म्हणाल्या. "कध्धी चुकला नाही. मीच सगळ्यांना सांगितलं होतं, सही करा, मुलगा चांगला आहे." मग त्यांनी फडकं पुन्हा हातात घेतलं. "तीन नंबरची बादली धुवायची राहिलीय, खुन मैथिली."

खुन म्हणजे बाई, मॅडम. लूक गेलं होतं.

मैथिलीने बादली धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटी कंठी घालून आली. तिच्या स्वभावात एक गोष्ट पक्की होती: चूक मोजता येत असेल, तर तिची भीती वाटायचं कारण नाही. आणि इथे चूक मोजता येत होती. दुकानदारीण खिदळायची, मुलं तिच्या मागे तिचेच शब्द म्हणत फिरायची, जाळी विणणारे म्हातारे रोज एकमेकांच्या तापाची चौकशी करायचे. पण तिसऱ्या आठवड्यात ‘कुर्ली’ कुर्ली झाली, ‘जवळ’ जवळ आलं आणि थंड चहा बोट न दाखवता मिळाला. पूर्वी ज्या फरकांवरून तिचा कान सरळ वाहून जायचा तिथे आता तो अडखळायला लागला. पा मात्र कामापुरतंच बोलत होत्या, आणि खुन मैथिली म्हणूनच.

मग गाडी अडली. एकेक शब्द नीट येई, पण वाक्य केलं की लोकांच्या कपाळावर आठी. हसणंही नाही, नुसतं "हं?" तिने कंठीतून स्वतःच्या आणि पा चाम्पांच्या आवाजाचे आलेख काढले आणि ओसरीच्या पायरीवर मांडून बसली. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

दिगंबर केळुसकर दशावतारी नाटकात पायपेटी वाजवायचे. पायाने भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं, ती मोठी पेटी. आज ती उघडून साफ करत बसले होते.

"काय गो बाय, जेवलंस?"

"जेवलंय. तू?"

"आता बसतलंय. बोलणा कितपत इला?"

"शब्द येतत, बाबा. वाक्य येणा नाय."

"सूर पक्को ठेव. बाकी सगळा आपसूक येता. माझ्या चेडवाचो सूर कधी हललो नाय."

मैथिलीची नजर समोरच्या दोन रेघांवर होती. पांची रेघ वाक्याच्या सुरुवातीला वर होती आणि डोंगरावरून उतरणाऱ्या पायवाटेसारखी वळत वळत शेवटी पार खाली गेली होती. शेवटच्या शब्दाची ‘वरची’ चाल पहिल्या शब्दाच्या ‘खालच्या’ चालीपेक्षाही खाली होती. तिची स्वतःची रेघ मात्र जिन्यासारखी. सपाट, उडी, सपाट, उडी. आणि प्रत्येक वरची चाल काटेकोर त्याच उंचीवर, वाक्याच्या आरंभीही आणि अंतीही.

ती हसायला लागली. "बाबा, तू माझी वाट लावलंस."

"मी काय केलंय गो?"

"पेटीवर शिकवलंस."

लहानपणी ती बाबांच्या मांडीवर बसून पेटीवरच सूर शिकली होती. पेटीची पट्टी दाबली की नेमका एक सूर वाजतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं पेटीला येत नाही. आणि षड्ज एकदा धरला की गाणं संपेपर्यंत तो सोडायचा नाही, ही बाबांची शिस्त. मैथिली थाय बोलत नव्हती. षड्ज धरून, पट्ट्या दाबत, थाय वाजवत होती. बोलणाऱ्या माणसाला कुठला षड्ज? श्वास संपत जातो तसा आवाज उतरत जातो आणि ऐकणारा त्या क्षणी आवाज जिथे असेल तिथून वर-खाली मोजतो. भारतीय गळ्याला सुराचं एवढं वळण, म्हणून तिला ही भाषा सोपी जाईल असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तेच आडवं आलं होतं.

"म्हणजे चूक माझी?" बाबांनी विचारलं.

"पेटीची."

"पेटीक नाव ठेवू नको. नाटकात राजा गाता तेव्हा मी वाजवतंय. तो बोलाक लागलो की हात उचलतंय. बोलण्याक पेटी कित्याक होयी?"

हात उचलायचा. पण कसा? बावीस वर्षांची सवय मनाशी ठरवून सुटत नाही. दोन दिवस ती षड्ज सोडायचा प्रयत्न करत राहिली, आणि प्रयत्न करायला गेलं की तो आणखी घट्ट. तिसऱ्या दिवशी ती खाडीवरून पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या आणत असताना पांनी विचारलं, "बाहेर भरती आली का?" मैथिली धापा टाकत म्हणाली, "येतेय, पण वारा उलटा आहे, पिल्लं आज नको सोडायला."

पांनी मान डोलावली आणि कामाला लागल्या. मैथिली जागच्या जागी उभी राहिली. "हं?" आलं नव्हतं. कंठीही गप्प होती. दोन बादल्या उचललेल्या माणसाकडे सूर धरून ठेवायला श्वासच उरत नाही.

त्यानंतर ती बोलायची तेव्हा काहीतरी उचललेलं असायचं. बादली, जाळं, नांगराचा दोर, दुकानदारणीचा नातू. गावाला वाटलं, पोरगी फारच कामसू आहे.

सभेच्या दिवशी आकाश लख्ख होतं. मैथिलीने कंठी काढून टोपलीत टाकली. मंडपात पन्नासेक माणसं चटयांवर बसलेली. पा चाम्पा पुढच्या रांगेत, हातात फडकं नसल्यामुळे जराशा अवघडलेल्या. रिवाजाप्रमाणे मध्ये अंड्यांच्या कुर्लीची एक बादली ठेवली होती. शपथ तिच्यासमोर घ्यायची.

सुरुवात ठीक झाली. नाव, गाव, काय शिकली. लुंग विचायनी विचारलं, बँक नेऊन तिकडे विकणार तर नाहीस? ती म्हणाली, नाही, आणि तिकडच्या एकाने इथे येऊन वर्षभर बादल्या धुवायच्या, अशी अट घालीन. लोक हसले, बरोबर जागी हसले.

मग पा चाम्पा उभ्या राहिल्या. "मला एकच विचारायचंय. आठ महिने माझ्याशी कोण बोलत होतं?"

मैथिलीने तोंड उघडलं आणि तिचं तिलाच जाणवलं, आवाज मराठीसारखा वर चढतोय. मन भरून आलं की सूर चढतो, ही तर आईच्या भाषेची शिकवण. असा चढला तर एकही शब्द शब्द राहणार नव्हता.

ती वाकली आणि समोरची बादली उचलली. कडीने बोटं ताणली गेली, श्वास उतरला.

"बोलत होते ते मीच, पा," ती म्हणाली. "सूर उसना होता, म्हणून तुम्हाला माझी एकही चूक ऐकू आली नाही. आता येतील. तुमच्याकडे जेवले की घरी असल्यासारखं वाटतं, ते मी आज पुन्हा म्हणते. चुकलं तर सांगा."

पा उभ्याच राहिल्या.

"शपथ," लुंग विचाय हळूच म्हणाले.

बादली हातातच धरून मैथिली म्हणाली, "माझ्या जाळ्यात आलेल्या आजोबांना मी विकणार नाही. आधी इथे आणीन."

मागच्या रांगेतून जाळी विणणारा एक म्हातारा म्हणाला, "उपकार झाले." आणि मंडप फुटला. लोक चटईवर लोळून हसत होते. लुंग विचाय खांबाला धरून उभे. मैथिलीचे कान तापले, पण बादली तिने खाली ठेवली नाही. हसू ओसरायची वाट पाहत उभी राहिली.

पा चाम्पा हसत नव्हत्या. त्या पुढे आल्या, बादलीच्या कडीला दुसऱ्या बाजूने हात घातला आणि निम्मं वजन आपल्याकडे घेतलं.

"कुर्ली," त्या म्हणाल्या. "सपाट. खाली नको नेऊस. पुन्हा म्हण, लूक."

मैथिलीने पुन्हा म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही. मंडपातला एकेक हात वर जाऊ लागला, आणि पांनी आपला वर केला तो मोकळा हात, कारण दुसरा बादलीला होता.

संध्याकाळी ती खाडीच्या काठाने चालत होती. खिशात कंठीशेजारचा फोन वाजला. जुईने विचारलं होतं, चिन्ह पुन्हा अधिक करू का? मैथिलीने लिहिलं, करू नकोस, आणि पुढच्या मॉडेलमध्ये दोन्ही ठेव. मग तिने बाबांना फोन लावला आणि शपथ म्हणून दाखवली.

पलीकडे पेटीचा भाता हलला. बाबांनी एक पट्टी दाबून पाहिली, मग शेजारची, मग पुन्हा पहिली.

"तो शेवटचो शब्द परत म्हण बगू."

तिने म्हटला. पुन्हा दोन पट्ट्या वाजल्या, आधी एक, मग दुसरी, मग दोन्ही एकदम.

"ह्या पेटीत ह्यो सूर नाय गो."

"नाय, बाबा. तो दोन पट्ट्यांच्या मदी आसा."

भात्यातली हवा हळूच सुटल्याचा आवाज आला आणि पेटीचं झाकण लागलं.

"पेटी मिटलंय," ते म्हणाले. "बोल तू."